कापूस, कुरुंद आणि मोटारीची झिलई

मोटारीच्या अंगावरची चकाकी ही फार लवकर दिसणारी आणि फार उशिरां समजणारी गोष्ट आहे. दिवाळीच्या आधीं किंवा एखाद्या लग्नकार्याच्या तोंडावर घाटंजीसारख्या तालुक्याच्या गांवीं गाडी झिलईला द्यावयाची म्हटलें म्हणजे मालक एवढेंच सांगतो कीं, 'नव्यासारखी करून द्या.' कारागीर विजेचें यंत्र हातीं घेतो, त्याच्या टोंकाला लोंकरीची किंवा स्पंजाची जाड चकती बसवितो, पत्र्यावर पांढऱ्या मलमाचे चार ठिपके ठेवतो आणि कळ दाबतो. घरघर सुरू होते. पाहतां पाहतां धुरकट पडलेल्या टपावर आभाळाचें प्रतिबिंब उतरतें. मालक संतुष्ट होऊन पैसे मोजतो. गाडीवर कांहीं तरी चढविलें गेलें, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः त्या यंत्रानें फारसें कांहींच चढविलेलें नसतें, उतरविलेलें असतें. या उलट्या व्यवहाराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्याचे कांहीं धागे घाटंजीच्या काळ्या मातीपर्यंत येऊन पोहोंचतात.

झिलई म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. पृष्ठभाग गुळगुळीत असला म्हणजे त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेनें परत फिरतो आणि पाहणाराला त्यांत आपलें तोंड दिसतें. तोच पृष्ठभाग बारीक ओरखड्यांनीं भरला कीं प्रकाश दाही दिशांना उधळतो. मग काळा रंग राखी दिसतो आणि लाल रंग फिका भासूं लागतो. न्यूटननें १७०४ सालच्या आपल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथांत असें मांडलें कीं, कांच घोटणें म्हणजे तिच्यावरचे ओरखडे नाहींसे करणें नव्हे, तर ते इतके बारीक करणें कीं डोळ्यांना दिसूंच नयेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं जॉर्ज बीलबी या रसायनशास्त्रज्ञानें निराळा विचार पुढें मांडला. त्याचें म्हणणें असें कीं, घासतांना पदार्थाचा वरचा पापुद्रा क्षणभर द्रवासारखा वाहतो आणि खळगे भरून काढतो. १९३७ सालीं केंब्रिज येथें बाउडन आणि ह्यूज यांनीं प्रयोग करून दाखविलें कीं, घर्षणाच्या जागीं उत्पन्न होणारी उष्णता या कामांत फार मोठी असते. मोटारीच्या रंगाच्या बाबतींत या दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात. बारीक कण रंगाचा अंश खरवडून नेतात, आणि घर्षणाची उष्णता त्या रंगाला मऊ करते. पहिल्या गोष्टीनें झिलई येते. दुसरी हाताबाहेर गेली तर रंग जळतो.

ही विद्या हिंदुस्थानाला नवी नव्हे. मराठींत 'शिकलगार' हा शब्द आहे; त्याच्या मुळाशीं अरबींतला झिलईवाचक शब्द आहे. खुद्द 'झिलई' हा शब्दहि अरबीकडूनच आलेला. तलवारी, कट्यारी आणि भाले उजळून देणारा हा कारागीर फिरत्या चाकावर काम करी. एकानें आसाभोंवतीं गुंडाळलेला पट्टा आळीपाळीनें ओढावयाचा आणि दुसऱ्यानें पातें चाकाला टेकवावयाचें, अशी ही जोडी असे. रत्नांना पैलू पाडणारे कारागीरहि अशाच चाकांवर काम करीत. त्यांचें चाक दगडांतून कोरलेलें नसे. लाख वितळवून तींत कुरुंदाची पूड कालवीत आणि तें मिश्रण थापून चाक बनवीत. लाख हा किड्यांनीं झाडांवर तयार केलेला राळेसारखा पदार्थ. पळस, बोर आणि कुसुम हीं त्याचीं आवडतीं झाडें. आणि पळसानें तर यवतमाळकडचीं रानें फाल्गुनांत पेटल्यासारखीं दिसतात.

लाखेचा दुसरा उपयोग याहून सुंदर आहे. सावंतवाडीचीं आणि कर्नाटकांतील चन्नपट्टणचीं रंगीत लांकडी खेळणीं सर्वांनीं पाहिलेलीं असतात. चन्नपट्टणचा कारागीर लांकडाचा तुकडा वेगानें फिरत ठेवतो आणि त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवितो. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळते आणि लांकडावर बसते. मग केवड्याच्या जातीच्या पानाची पट्टी त्यावर दाबून धरली म्हणजे ती पसरते आणि लखलखूं लागते. येथें रंग देणें आणि झिलई आणणें हीं दोन्ही कामें उष्णता आणि फिरणें या दोहोंनींच साधतात. फरक एवढाच कीं, खेळणें लहान असल्यामुळें वस्तु फिरते आणि कारागिराचा हात स्थिर राहतो. मोटार कांहीं अशी फिरवितां येत नाहीं. म्हणून तेथें वस्तु स्थिर ठेवून हातांतलें हत्यारच फिरवावें लागलें. यंत्रानें झिलई देण्याची सारी कल्पना या एका अडचणींतून निघाली आहे.

कुरुंदाची कथाहि पुढें नेण्यासारखी आहे. संस्कृतांत 'कुरुविंद' आणि तमिळांत 'कुरुंदम्' या नांवांनीं ओळखला जाणारा हा दगड हिऱ्याच्या खालोखाल कठीण मानला जातो. माणिक आणि नीलम हीं त्याचींच निर्मळ रूपें. दक्षिण हिंदुस्थानांतून हें नांव युरोपांत गेलें आणि तेथल्या खनिजशास्त्रांत 'कोरंडम' म्हणून स्थिरावलें. पुढें अमेरिकेंत ॲचिसन नांवाच्या संशोधकानें १८९१ सालीं विजेच्या भट्टींत चिकणमाती आणि कोळसा यांच्यापासून एक नवाच कठीण पदार्थ काढला. त्यानें त्याचें नांव ठेवलें 'कार्बोरंडम'. म्हणजे तेथेंहि कुरुंदाचें शेंपूट राहिलें. त्याच शतकाच्या अखेरीस बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंद करण्याची कृति अमेरिकेंतच साधली. आज मोटारीच्या झिलईसाठीं मिळणाऱ्या बहुतेक पांढऱ्या मलमांत काम करणारा कण असतो तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीनें कुरुंदाचाच. शिकलगाराच्या चाकांतला दगड डबींत भरून परत आला आहे. मात्र त्याला आतां कोणी ओळखत नाहीं.

मोटारीच्या आधीं बग्गी होती, आणि बग्गीच्या रंगाला जवसाच्या तेलाचा आधार होता. जवसाचें तेल हवेंत हळूहळू घट्ट होतें आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. यावरच जुन्या रोगणांची सारी इमारत उभी होती. वऱ्हाड आणि नागपूर प्रांत हे जवसाचे जुने मुलूख. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून जवस मोठ्या प्रमाणावर युरोपांत जात असे. बग्गीचा रंगारी लांकडाला पुटावर पूट देई, प्रत्येक पूट वाळूं देई, आणि मग सच्छिद्र दगडाची बारीक पूड पाण्यांत भिजवून हातानें तें समतल करी. असें करीत करीत शेवटचें रोगण लागेपर्यंत कित्येक आठवडे निघून जात. हातानें घासल्यामुळें झीज हळू होई, आणि बोटांना खरबरीतपणा कमी झालेला कळतांच हात थांबे. हात हें हत्यार असलें तरी तें परीक्षकहि होतें, ही गोष्ट पुढें उपयोगीं पडेल.

मुंबईंत पहिल्या मोटारी १८९८ सालीं उतरल्या. त्यांच्या पहिल्या हिंदी मालकांत जमशेटजी टाटा यांचें नांव घेतलें जातें. या आरंभींच्या मोटारी रंगाच्या दृष्टीनें बग्ग्यांच्याच बहिणी होत्या. परंतु अमेरिकेंत हेन्री फोर्डनें मोटारी कारखान्यांतून भराभर बाहेर काढण्यास सुरुवात केली, आणि बग्गीचें संथ रोगण त्या घाईला पुरेना. १९१४ पासून १९२५ पर्यंत त्याची 'मॉडेल टी' गाडी एकट्या काळ्या रंगांत मिळे, याचें एक कारण या अडचणींत आहे. डांबरी जातीचें काळें रोगण स्वस्त होतें, टिकाऊ होतें आणि भट्टीच्या उष्णतेनें लवकर वाळे. रंगीत गाडी हवी असेल त्यानें थांबावें, असा तो काळ होता.

ही कोंडी फोडली ती कापसानें. १८४६ सालीं बाझल येथील शोनबाइन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें कापसावर नायट्रिक आणि गंधकाच्या अम्लांची क्रिया करून एक स्फोटक पदार्थ जाहीर केला. असें सांगतात कीं, घरांत सांडलेलें अम्ल त्यानें सुती एप्रनानें पुसलें आणि तें शेगडीजवळ वाळत घातलें. वाळतांच तें भडकन जळून नाहींसें झालें. दिसावयास कापूस, पण पेटवितांच बंदुकीच्या दारूला मागें टाकणारा, म्हणून त्याला बंदुकी कापूस म्हणूं लागले. हिंदुस्थानांतहि निलगिरींतील अरुवणकाडू येथें १९०४ सालापासून कॉर्डाइटचा सरकारी कारखाना सुरू झाला; त्या कॉर्डाइटचा एक मुख्य घटक हाच कापूस. कापसाचें हें रूप योग्य द्रवांत विरघळवून पसरलें म्हणजे द्रव उडून जातो आणि मागें पारदर्शक, कठीण पापुद्रा उरतो. म्हणजे तोफेच्या पोटांत जाणारी वस्तु रंगाच्या पिंपांतहि जाऊं शकत होती. अडचण एकच होती. हें द्रावण इतकें घट्ट होई कीं, फवारण्याजोगें पातळ केलें तर त्यांत कापसाचा अंश नांवालाच उरे, आणि पापुद्रा फार पातळ बसे.

पहिलें महायुद्ध संपलें आणि अमेरिकेंतील दारूगोळ्याच्या कारखान्यांना नवें काम शोधावें लागलें. १९२० सालीं न्यू जर्सींतील पार्लिन येथें ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत हें द्रावण पातळ करूनहि त्यांत भरपूर कापूस राखण्याची युक्ति हातीं आली. १९२३ सालीं 'ड्युको' या नांवानें तें रोगण बाजारांत आलें, आणि जनरल मोटर्सची निळी 'ओकलंड' गाडी त्याच रंगांत रस्त्यावर आली. आठवड्यांचें काम आतां थोड्या दिवसांवर आलें, आणि लाल, हिरवा, निळा, हवा तो रंग सामान्य गाडीला मिळूं लागला. या रोगणासाठीं लांब धाग्याचा कापूस लागत नाहीं. सरकीवर चिकटून राहिलेले आंखूड तंतू, ज्यांना सूतगिरणी विचारीत नाहीं, तेच येथें उपयोगी पडतात. वऱ्हाडी कापूस मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारांत 'ऊमरा' या नांवानें, आंखूड धाग्याचा म्हणून ओळखला जाई. त्याच वऱ्हाडांतला कापूस वाहून नेण्यासाठीं मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद रुळांचा लोहमार्ग एका इंग्रजी कंपनीनें घातला. लोकांनीं त्या गाडीला पुढें 'शकुंतला' म्हटलें. घाटंजीच्या रानांत पिकणारें बोंड आणि शहरांतल्या मोटारीची निळाई यांचें गोत्र एकच आहे, ही गोष्ट त्या काळीं गाडींत बसणाराला ठाऊक नव्हती, आणि बोंडें वेंचणारीलाहि नव्हती.

या नव्या रोगणांत एक उणीव होती, आणि यंत्राच्या झिलईचा खरा जन्म त्या उणिवेंतून झाला. फवाऱ्यांतून बसलेलें रोगण भराभर वाळे. म्हणून तें समतल होण्यापूर्वींच घट्ट होई, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा किंचित् खडबडीत राही. चकाकी स्वतःहून येत नसे. ती घासून काढावी लागे. कारखान्यांत दिवसाकांठीं ढिगानें गाड्या निघत असतां हें काम हातानें पुरें कसें व्हावें? सुदैवानें हत्यार तयार होतें. जर्मनींतील स्टुटगार्ट येथें फाइन यांच्या कारखान्यानें १८९५ सालीं हातांत धरून चालविण्याजोगें विजेचें भोंक पाडणारें यंत्र काढलें होतें. १९१६ च्या सुमारास अमेरिकेंत पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालीं कळ असलेलें सुटसुटीत यंत्र निघालें. त्याच्या टोंकावरचा सामता काढून तेथें मेंढीच्या लोंकरीची टोपी किंवा कापडाच्या घड्यांची चकती बसविली, वेग बेताचा केला, कीं झिलईचें यंत्र तयार झालें. धातू घोटण्याच्या कारखान्यांत सुती कापडाचे गोल तुकडे एकावर एक शिवून केलेलें चाक पूर्वींपासून होतेंच; त्याला 'बफ' म्हणत, आणि त्यावरूनच या कामाला 'बफिंग' हें नांव पडलें. म्हणजे घासावयाचा रंग कापसाचा, आणि घासणारें चाकहि पुष्कळदां कापसाचें.

हिंदुस्थानांत हें सारें मुंबईमार्गें आलें. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. त्यानंतर फोर्डनेंहि मुंबईंत तेंच केलें. १९४४ सालीं सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली, आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून तिच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. दोन्ही अमेरिकन कंपन्यांनीं १९५४ च्या सुमारास आपलें काम आटोपलें. प्रीमियरची 'पद्मिनी' मात्र काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धांवली. रंगांचे कारखानेहि मुंबईंतच वाढले. लोअर परळला १९२० सालीं निघालेला एक कारखाना पुढें गुडलास नेरोलॅक झाला, आणि १९४२ सालीं चार मित्रांनीं एका गॅरेजांत एशियन पेंट्सची सुरुवात केली. 'ड्युको' हें तर बोलींतलें सामान्य नाम होऊन बसलें. आजहि लोखंडी कपाटाला किंवा लांकडी दाराला फवाऱ्यानें रंग दिला कीं सुतार आणि रंगारी त्याला 'ड्युको' म्हणतात, मग तो कोणत्याहि कंपनीचा असो.

या जुन्या रोगणाच्या काळांतली एक घरगुती खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या वेळीं लाल गाडी पॉलिश केली तर फडकें लाल होई, निळी केली तर निळें. ड्रायव्हर तें फडकें धुवावयास काढी, आणि मालकाला नकळत कळे कीं, गाडीचा रंग थोडा फडक्यावर आला आहे. चकाकीची किंमत डोळ्यांसमोर वाळत पडलेली असे. म्हणूनच त्या पिढीचे लोक झिलईच्या बाबतींत हात राखून असत. फार वर्षें घासलेल्या गाडीच्या बॉनेटाच्या कडेला खालचें करडें अस्तर डोकावूं लागलें म्हणजे ती गाडी फार घासली गेली, हें कोणालाहि कळे.

१९८० नंतरच्या काळांत जगभर मोटारींच्या रंगाची रचना बदलली. रंगद्रव्य खालच्या थरांत गेलें आणि त्यावर निव्वळ पारदर्शक रोगणाचा थर बसूं लागला. धातूच्या चुऱ्यानें चमकणाऱ्या रंगांबरोबर ही पद्धति भारतांतहि रूढ झाली. तिचे फायदे पुष्कळ आहेत. रंग उन्हांत लवकर विटत नाहीं आणि खोली अधिक दिसते. परंतु एक गोष्ट तिनें हिरावून नेली. आतां यंत्र घासतें तें पारदर्शक थर. म्हणून फडकें रंगत नाहीं. जें जातें तें दिसत नाहीं. कारखान्यांतून आलेल्या सामान्य गाडीवरचा सारा रंग मिळून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त, म्हणजे १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. त्यांतला वरचा पारदर्शक थर साधारणपणें ४० ते ५० मायक्रॉनांचा. माणसाच्या केंसाहूनहि पातळ. ओरखडे काढण्यासाठीं जोरकस घासणी दिली तर त्यांतले कांहीं मायक्रॉन जातात. पुन्हां पुढच्या वर्षीं कांहीं. हा थर सूर्याच्या अतिनील किरणांना अडवितो. तो फार पातळ झाला म्हणजे कांहीं काळानें पापुद्रे सुटूं लागतात, आणि मग कोणतेंहि यंत्र तो परत आणूं शकत नाहीं. घरांतलें सोनें मोडून सण साजरा करावा, तसा हा व्यवहार आहे. एकदां केला तर शोभतो. दरवर्षीं केला तर घर रितें होतें.

यंत्रानें या व्यवहाराला वेग दिला, हेंच त्याचें सामर्थ्य आणि हाच त्याचा धोका. हातानें जें काम दुपार घेई, तें यंत्र थोडक्या वेळांत उरकतें. पण बोटांना जें कळे तें यंत्राला कळत नाहीं. म्हणून जाणता कारागीर यंत्र हातीं घेतल्यावर हाताचीच शिस्त पाळतो. गाडी उन्हांतून आणतांच तो यंत्र लावीत नाहीं. पत्रा आधीं निवूं देतो. आधीं भरपूर पाण्यानें धुऊन वाळूचा कण न् कण काढतो, कारण चकतीखालीं सांपडलेला एक खडा साऱ्या टपावर वर्तुळें कोरतो. दोन वीत चौरसाएवढाच भाग एका वेळीं घेतो. मलम आधीं मंद वेगानें पसरतो, मग मिनिटाला १००० ते २००० फेऱ्यांच्या दरम्यान काम करतो, आणि चकती एका जागीं क्षणभरहि थांबूं देत नाहीं. दारांच्या व बॉनेटाच्या कडांवर कागदी चिकटपट्टी लावतो. कारण कडेवर रंग मुळांत पातळ बसलेला असतो आणि चकतीचा सारा जोर तेथें एका रेषेवर येतो. लोखंडी पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लास्टिकचा बंपर तिला धरून ठेवतो. म्हणून बंपरावर हात आणखी हलका. शेवटीं तो गाडी सांवलींत नेऊन दिव्याच्या उजेडांत तपासतो. गरगर फिरणाऱ्या चकतीनें ठेवलेल्या पुसट लहरी सांवलींत सहज दिसत नाहींत. रात्रीं दिव्याभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या उमटतात. या दोषावर उपाय म्हणून पुढें अशीं यंत्रें निघालीं, ज्यांत चकती स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां एका लहान वर्तुळांतहि डोलते. त्यांनीं काम थोडें सावकाश होतें. पण रंग जळण्याची भीति पुष्कळ कमी असते.

या सर्वांत खरोखर भर घालणारी पायरी एकच, आणि ती शेवटची: मेणाची. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढलेलें कार्नोबा मेण या कामीं नामांकित आहे. तें लावल्यानें थर जाड होत नाहीं, परंतु पाणी ठरत नाहीं, धूळ कमी चिकटते आणि चमक खुलते. ऊन आणि पाऊस यांनीं तें कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत झिजून जातें. पण जातें तें मेण, रंग नव्हे. उलट कांहीं मलमांत तेलें घातलेलीं असतात. तीं ओरखडे भरून काढल्यासारखें दाखवितात आणि चार धुलाईंनंतर ओरखडे पुन्हां वर येतात. जुनी गाडी विकत घेतांना तिचें तेज पाहून भुलणाऱ्या गृहस्थानें हें ध्यानांत ठेवावें. रंगाची जाडी मोजण्याचें लहानसें यंत्र मिळतें. तें पत्र्याला टेकवितांच आंकडा सांगतें. आरशासारख्या लखलखणाऱ्या दारावर तो आंकडा शेजारच्या दारापेक्षां फार कमी आला, तर तें तेज कोणत्या भांडवलांतून आलें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां मूळ प्रश्न उरतो: हे ओरखडे येतात कोठून? त्यांतले फार थोडे अपघातानें येतात. बहुतेक येतात ते प्रेमानें. सकाळीं उठून कोरड्या फडक्यानें गाडी पुसणें ही मध्यमवर्गीय घरांतली नित्याची सेवा असते. यवतमाळच्या दक्षिणेकडील मुलखांत उन्हाळ्यांत पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो, वारा सुटतो, आणि रस्त्याची धूळ प्रत्येक वस्तूवर बसते. काळ्या मातीची ही धूळ पिठासारखी मऊ वाटते. पण तिच्यांत वाळूचे बारीक कण असतात, आणि ते रंगाहून पुष्कळ कठीण असतात. कोरडें फडकें त्या कणांना रंगावर रगडतें. रोज एक फेरी, वर्षांत तीनशेंहून अधिक. आणि मग दिवाळीला यंत्र बोलावून तेच ओरखडे रंगासकट काढून टाकावयाचे. धूळ गाडीवर नुसती पडून राहिली तर रंगाचें फारसें बिघडत नाहीं. धूळ रगडली म्हणजे बिघडतें. पाण्याची टंचाई असेल तेव्हां रोज पुसण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां दोन बादल्या पाणी घ्यावें. एकींत साबण, दुसरींत फडकें खळबळण्यास स्वच्छ पाणी. आधीं ओतून धूळ वाहूं द्यावी, मग वरून खालीं हलक्या हातानें पुसावें. एवढें पाळलें तर यंत्राची गरज कित्येक वर्षें पडत नाहीं.

शिकलगाराला हें कोणी शिकवावें लागलें नव्हतें. प्रत्येक उजळणीनें तलवार थोडी बारीक होते, हें तो जाणून होता. म्हणून तो गंज चढूं न देण्यासाठीं पात्याला तेल लावून ठेवावयास सांगे. पुढें चाक विजेवर फिरूं लागलें, रंग कापसाचा झाला, त्यावर कांचेसारखा थर आला, आणि झीज डोळ्यांआड गेली. डोळ्यांआड गेलेला खर्च माणूस विसरतो. घाटंजीच्या शेतांत एका बोंडासाठीं किती महिन्यांचा पाऊस, किती खुरपण्या आणि किती जणींचे हात लागतात, हें शेतकऱ्याच्या घरांत कोणी विसरत नाहीं. तेथें कापसाची किंमत रोज हातानें मोजलेली असते. मोटारीच्या अंगावरच्या केंसभर थरालाहि तेवढाच हिशेब लावला, तर झिलईचें यंत्र वर्षाचा पाहुणा न राहतां, फार तर चार वर्षांनीं एकदां बोलावावयाचा वैद्य होईल.